ओटा, मोरी आणि वाफ : प्रस्तावना

स्वयंपाकघरातला चिकटा एका दिवसात चढत नाही. फोडणी तडतडली की तेलाचे बारीक थेंब वाफेबरोबर वर उडतात. त्यातले काही चिमणी ओढून घेते. उरलेले भिंतीवर, ट्रॉल्यांच्या दारांवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि वरच्या फळीवरच्या डब्यांच्या झाकणांवर जाऊन बसतात. त्याच दिवशी पुसले तर साबणाच्या ओल्या फडक्यानेही ते निघून येतात. राहिले, आणि त्यांना हवा व उष्णता लागत राहिली, की तेलाचे रेणू एकमेकांत गुंतू लागतात आणि तेलाचे हळूहळू व्हार्निश होते. करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत हे लवकर घडते, शेंगदाण्याच्या तेलात जरा उशिरा, खोबरेलात फारच कमी. जवसाच्या तेलाचा हाच गुण ओळखून चित्रकार आणि सुतार ते शतकानुशतके वापरत आले आहेत. भिंतीवरच्या त्या अर्धवट वाळलेल्या थरावर मग कणीक चाळताना उडालेले पीठ, तिखट-हळदीची धूळ आणि काजळी बसत जाते. दिवाळीच्या आधी शिडी लावून वरच्या फळीवर हात फिरवला की बोटांना जे लागते ते वर्षभराच्या स्वयंपाकाचे असे साठलेले असते.

मोरीत तेलाचा प्रश्न नाही. तिथे पाण्याचा आहे. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा पांढरट, चिकट मळ तयार होतो. पाणी वाळले की नळाच्या तोंडाशी आणि बादली ठेवायच्या जागी क्षार मागे राहतात. त्यात केस, अंगाचा मळ आणि कायमची ओल आली की टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी धरते. पावसाळ्यातल्या कोकणात आणि मुंबईत तर ती धरायला आठवडाही पुरतो.

या दोन्हींवर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच जालीम उपाय चालत आला आहे : अ‍ॅसिडची बाटली. मोरी पिवळी पडली, ओत अ‍ॅसिड. संडासाचे भांडे डागाळले, ओत अ‍ॅसिड. ओट्याखालची फरशी मळली, पातळ करून तेच. हे हायड्रोक्लोरिक आम्ल डाग काढते यात शंका नाही, पण डागाबरोबर आणखी काय काढते ते कुणी पाहत नाही. आपल्या घरांतले दोन नेहमीचे दगड म्हणजे ओट्याचा कडाप्पा आणि फरशीचा शहाबादी. एक आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो, दुसरा कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून, आणि दोन्ही मुळात चुनखडीचे. चुनखडीवर आम्ल पडले की ती फसफसून विरघळते. म्हणजे स्वच्छ झाल्यासारखी दिसणारी फरशी खरे तर एक पदर गमावून बसलेली असते. ती खरबरीत होते आणि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने मळते. टाइल्समधल्या सांध्यांचे सिमेंटही आम्लाने असेच झडते. सांधे पोकळ झाले की पाणी खाली मुरते, आणि काही वर्षांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी छताला आलेली ओल दाखवायला वर येतात. सोसायटीच्या सभांमध्ये गळतीवरून होणाऱ्या कितीतरी भांडणांचे मूळ अशा झडलेल्या सांध्यांत असते, असे मला वाटते.

ही झाली दगडाची गोष्ट. माणसाची त्याहून वाईट. दारे-खिडक्या लावलेल्या चार बाय सहाच्या मोरीत उकिडवे बसून, नाकातोंडाला पदर लावून अ‍ॅसिडने फरशी घासणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या खोकल्याचीही आपल्याला सवय झाली आहे. त्यात कुणी अर्धवट माहितीने अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली, तर तिथल्या तिथे क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, खरेदीदाराची ओळख आणि नोंद सक्तीची केली. ते निर्बंध अ‍ॅसिडहल्ल्यांच्या संदर्भात आले. मोरी घासणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचा विचार त्यामागे नव्हता, आणि तो विचार अजून कुणी पुरेसा केलेला नाही.

घरगुती स्वयंपाकघर आणि स्नानगृह वाफेने कसे स्वच्छ करावे हे सांगणाऱ्या या पुस्तकाचे मोल मला वाटते ते या पार्श्वभूमीवर. पुस्तक लिहिणाऱ्या दोघीजणी स्वतः हे काम करतात. वाफेच्या यंत्राची जाहिरात त्यांनी केलेली नाही. वाफ कुठे लागू पडते, कुठे पडत नाही आणि कुठे नुकसान करते, हे त्यांनी कामातून पाहिले आणि तसेच मांडले. माझे काम त्यामागचे थोडे विज्ञान आणि थोडा इतिहास वाचकापुढे ठेवण्याचे आहे.

वाफेची ताकद कुठून येते? एक ग्रॅम पाणी शून्य अंश सेल्सिअसपासून शंभरपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. त्याच शंभर अंशांच्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. तापमापकावर न दिसणारी ही उष्णता जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये मोजली. वाफ गार टाइलवर आदळून पुन्हा पाणी होते तेव्हा ही ५४० कॅलरींची ठेव ती जागच्या जागी सोडते. म्हणून उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा वाफेचा चटका जास्त खोल जातो, आणि म्हणूनच वर्षभराचा चिकटा तिच्यापुढे मऊ पडतो.

दुसरी गोष्ट दाबाची. घरातल्या कुकरमध्ये वातावरणाच्या वर साधारण एक बार दाब असतो आणि आत पाणी सुमारे १२० अंशांवर असते. डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. सफाईच्या यंत्राची टाकी म्हणजे तोच कुकर, फक्त अधिक दाबाचा. चार बारला आतले तापमान १५० अंशांच्या आसपास जाते. व्यावसायिक यंत्रात आठ बारला १७५ पर्यंत. हे आकडे विक्रेते मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते टाकीच्या आतले आहेत. तोटीतून बाहेर पडताच वाफ पसरते, हवेत मिसळते आणि झपाट्याने गार होते. वीतभर अंतरावर तिचा जोर आणि ताप दोन्ही बरेच उतरलेले असतात.

इथे एक बारकावा सांगतो, कारण यंत्र पहिल्यांदा हातात घेणारा हमखास तिथेच चुकतो. आपल्याला जो पांढरा ढग दिसतो ती वाफ नसते. ते गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब असतात. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. तोटीचे तोंड आणि तो पांढरा ढग यांच्यामध्ये बोटभर रिकामी वाटणारी जागा असते, खरी वाफ तिथे असते आणि काम तिथेच होते. ढगाने भिंत नुसती ओली होते. लेखिका नवख्यांना सर्वांत आधी हीच रिकामी जागा ओळखायला शिकवतात, आणि तिथे बोट जाणार नाही याची काळजी घ्यायलाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. दाबाखालच्या वाफेचे बंद भांडे डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये दाखवले. भांडे फुटू नये म्हणून सुरक्षा झडपही त्यानेच बनवली. पुढे २०० वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचे सहकारी चार्ल्स शांबरलँ यांनी ऑटोक्लेव्ह तयार केला आणि शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेने निर्जंतुक होऊ लागली. आजही १२१ अंशांवर पंधरा मिनिटे हे त्याचे नेहमीचे माप आहे. तापवलेल्या पाण्याचा झोत सफाईसाठी बाजारात आला तो विसाव्या शतकात. जर्मनीतल्या कार्चर कंपनीने गरम पाण्याचे उच्च दाबाचे यंत्र १९५० साली काढले. घरगुती वाफेची यंत्रे ही त्याच वाटेवरची नंतरची पिढी.

ऑटोक्लेव्हची ती पंधरा मिनिटे मात्र लक्षात ठेवावी. बंद भांड्यात, पूर्ण दाबाखाली इतका वेळ लागत असेल, तर भिंतीवरून भराभर तोटी फिरवल्याने ‘९९.९ टक्के जंतू’ मरतील कसे? तो आकडा प्रयोगशाळेत तोटी एका जागी धरून मिळालेला असतो. घरात तोटी पळवली तर पृष्ठभाग नुसता कोमट होतो. सावकाश, जागेला चिकटवून, एकेका सांध्यावर थांबत नेली तर फायदा निश्चित होतो. जंतूंचे सोडा, झुरळांचे पाहा. स्वयंपाकघरातले लहान तपकिरी झुरळ आपली अंड्यांची पिशवी अंडी फुटेपर्यंत पोटाशी वागवते, आणि एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. ट्रॉलीच्या पट्टीमागे, फ्रिजच्या रबरात, सिंकखालच्या फटीत लपलेल्या अशा मादीवर थेट वाफ बसली तर ती अंड्यांसकट मरते. पण झोत शेजारून गेला तर उरलेली झुरळे शेजारच्या खोलीत पळतात. म्हणून कामाची सुरुवात कडेच्या फटींपासून करून आत यावे, हा लेखिकांचा सल्ला मला फार पटला.

त्यांचे काम मी कोथरूडच्या एका स्वयंपाकघरात उभे राहून पाहिले. यंत्र पिशवीतून बाहेर काढण्याआधी बाईंनी घरच्या काकूंना विचारले, ‘‘काल-परवा इथे कुठे अ‍ॅसिड, ब्लीच असं काही ओतलंय का?’’ काकू म्हणाल्या, ‘‘बाथरूममध्ये थोडं टाकलं होतं हो, तुम्ही येणार म्हणून.’’ बाईंनी आधी जाऊन मोरीत चार बादल्या पाणी ओतले, खिडकी उघडली, पंखा लावला. उरलेल्या अ‍ॅसिडवर गरम वाफ मारली असती तर ते हवेत उडून थेट त्यांच्याच नाकात गेले असते. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, शेगडी उचलून बाजूला ठेवली, बर्नर काढून वेगळे केले. शेगडीमागच्या टाइल्सवर तपकिरी थर होता, नखाने ओरखडा उठेल असा. एका हातात तोटी, दुसऱ्या हातात दुमडलेले सुती फडके. तोटी सांध्याला टेकवून त्या थांबल्या. थर आधी चमकला, मग ओघळू लागला. आणि तो ओघळ खाली यायच्या आत फडक्याने टिपला. पुन्हा वीतभर पुढे. फडक्याची एक घडी भरली की दुसरी बाजू, सगळ्या बाजू भरल्या की नवे फडके. ‘‘वाफ पुढं, फडकं मागं,’’ त्या सोबतच्या शिकाऊ मुलीला म्हणाल्या, ‘‘मधे गप्पा मारल्यास की परत चिकटलं.’’

या कामाचे मर्म त्यांच्या त्या बोलण्यात आहे. वाफ मळ सैल करते. उचलून नेत नाही. सैल झालेला मेणचट थर काही क्षणांत गार होऊन पुन्हा घट्ट बसतो, आणि आधी एका जागी होता तो आता पसरून बसतो. वाफेची सफाई करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे पट्टे दिसले, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा फडके मागे पडलेले असते. यंत्र कितीही महाग असो, पुरेशी कोरडी फडकी बरोबर नसतील तर काम अर्धेच होते.

वाफेच्या मर्यादाही लेखिकांनी लपवलेल्या नाहीत. जुना, पूर्ण व्हार्निश झालेला थर नुसत्या वाफेने जात नाही. आधी धुण्याच्या सोड्याचे पाणी, मग वाफ, मग प्लॅस्टिकची खरवडणी असा क्रम लागतो. नळावरचे क्षार वाफेने विरघळत नाहीत, उलट पाणी तापले की क्षार आणखी बसतात. तिथे सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व पाण्यात कालवून लावावे. मात्र ते सिरॅमिक आणि स्टीलवर, कडाप्प्यावर किंवा संगमरवरावर नव्हे. बुरशी वाफेने मरते, पण मोरी ओलीच राहिली तर महिन्याभरात परत येते, आणि सिलिकॉनच्या पट्टीत खोल शिरलेली बुरशी तर पट्टी बदलल्याशिवाय जातच नाही. शिवाय वाफ स्वतः ओल आणते. काम संपल्यावर खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवून सगळे कोरडे होऊ देणे हा सफाईचाच भाग आहे.

नुकसानीचे प्रकरण मी वाचकाला विशेष लक्ष देऊन वाचायला सांगेन. ट्रॉल्यांचा प्लायवूड आणि त्यावरचा सनमायका डिंकाने चिकटलेला असतो. कडेला वाफ धरली की पट्टी सुटते. पीव्हीसीचे पत्रे आणि दारे ८० अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकतात. थंडीच्या दिवसांत गार काचेवर एकदम वाफ मारली तर काच तडकू शकते. आरशाच्या कडेने पाणी शिरले की मागचा पारा काळा पडतो. चिमणीच्या जाळ्या काढून वेगळ्या धुवाव्यात. मोटरवर वाफ कधीच नको. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोड्यात बुडवू नये, ती काळी पडून खंगते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. स्विचबोर्ड, गीझर, शेगडीची रबरी नळी यांच्यापासून तोटी दूरच हवी.

विजेचा आणि पाण्याचा हिशेबही सोपा आहे. आपल्याकडच्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगला सुमारे १,४०० वॉटच पेलतात. २,००० वॉटच्या यंत्राला गीझरचा किंवा एसीचा सोळा अँपिअरचा प्लग लागतो, आणि मल्टिप्लग जोडून चालत नाही. असे यंत्र पूर्ण तासभर वाफ सोडत राहिले तरी तीन लिटरहून कमी पाणी खर्चते. एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या राज्यात अशी वेळ येते आणि शहरांतल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात, तिथे मोरी धुवायला बादल्यांमागून बादल्या ओतण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच शहाणपणाचा आहे.

आता ज्यांच्या हातात ही तोटी असते त्यांच्याविषयी. महाराष्ट्रात सफाईच्या कामाला मान मिळावा म्हणून मोठ्या माणसांनी आयुष्ये घातली. गाडगेमहाराजांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला सफाईचेच काम द्यावे असा आग्रह अप्पासाहेब पटवर्धनांनी धरला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास केला. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरीही अ‍ॅपवरून मागवलेल्या सफाईच्या माणसाला आपण आजही घड्याळ लावून मोजतो : दोन तासांत सगळे झाले पाहिजे. चिकट्याला दोन तासांचे वेळापत्रक कळत नाही. घाई झाली की तोटी पळते, फडके मागे पडते, आणि हातमोजा न घालता काम उरकले जाते. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत कातडी भाजते, मग १०० अंशांच्या वाफेची गोष्टच सोडा. लांब बाह्या, उष्णता अडवणारे हातमोजे, बंद बूट आणि चष्मा या चार गोष्टी यंत्राबरोबरच विकत घेतल्या पाहिजेत, आणि त्यांचा खर्च काम देणाऱ्याने सोसला पाहिजे. पुस्तकात हा मुद्दा एका परिच्छेदात आटोपला आहे. माझ्या मते त्यावर स्वतंत्र प्रकरण हवे होते. पुढच्या आवृत्तीत लेखिकांनी ते लिहावे अशी माझी विनंती आहे.

आणखी एका ठिकाणी माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. वर्षातून दोनदा व्यावसायिक सफाई करून घ्यावी असे त्या म्हणतात. ज्या घरात रोज रात्री ओटा आणि शेगडीमागची भिंत गरम पाण्याच्या फडक्याने पुसली जाते, तिथे दिवाळीआधी एकदा पुरते असे मला वाटते. मोरीबद्दल मात्र त्यांचेच म्हणणे खरे : पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

पुस्तक सफाईचे काम करणाऱ्यांसाठी आहे, तसेच त्यांना घरी बोलावणाऱ्यांसाठीही. दुसऱ्या गटातल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. माणसे येणार त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कुठेही अ‍ॅसिड किंवा ब्लीच ओतू नका, आणि ओतले असेल तर दारातच सांगा. सोळा अँपिअरचा प्लग कुठला ते दाखवा, सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, जुनी सुती फडकी काढून ठेवा आणि लागेल तेवढा वेळ द्या. आणि मोरीच्या कोपऱ्यातली अ‍ॅसिडची बाटली संपली की नवी आणू नका.